लुंबिनीची वाट आणि गोरखपूरची गाडी

पाऊसकाळ संपून हवेत गारवा आला, की आटपाडी, दिघंची, खरसुंडी या भागातील आपल्या वस्त्यांतून एक चौकशी सुरू होते. यंदा लुंबिनीला कोण कोण निघाले? मग विहारात बैठक बसते. माणशी किती पैसे पडतील, किती दिवस लागतील, जेवणाची सोय काय, बायकामुले न्यावीत की नाही, असे प्रश्न निघतात. हे सगळे प्रश्न रास्त आहेत. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. लुंबिनी पाहून झाल्यावर परतीची गाडी गाठायची कशी? वाचक बंधुभगिनींनो, आजचे सदर त्या एकाच प्रश्नासाठी आहे.

कोणी म्हणेल, यात एवढे काय? गेलो तसे परत यायचे! पण आपल्या घरांतील माणसे कोणत्या पैशांवर या प्रवासाला निघतात ते आठवावे. वर्षभर भिशीत टाकलेले पैसे, बचतगटातून उचललेली रक्कम, मार्केट यार्डात पोती वाहून मिळालेली हमाली, डाळिंबाच्या बागेतील रोजगार. त्यातून ही शिदोरी बांधली जाते. आटपाडीचेच डॉ. शंकरराव खरात यांनी ‘तराळ-अंतराळ’ या आत्मकथनात तराळाच्या घरातले जिणे लिहून ठेवले आहे. आपल्या वाडवडिलांची पायपीट गावकीच्या आणि सरकारच्या कामासाठी होती. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या इच्छेने, परदेशातील बुद्धस्थळ पाहायला निघणारी आपली पिढी फार जुनी नाही. म्हणून या प्रवासातला एक दिवस वाया गेला तरी तो घराला लागतो.

होय, लुंबिनी हा परदेश आहे. तथागतांचे जन्मस्थळ नेपाळच्या तराईत आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर विसाव्या वर्षी तेथे स्वतः येऊन स्तंभ उभारला आणि त्या गावाचा कर हलका केला. तो लेख १८९६ साली उजेडात आला. १९९७ पासून लुंबिनी जागतिक वारसास्थळांच्या यादीत आहे. भारतीयांना तेथे जायला व्हिसा लागत नाही, त्यामुळे आपली माणसे पंढरपूरला निघावे तितक्या सहज निघतात. सीमा ओलांडायची आहे ही गोष्ट मनावर येते ती परतताना, गाडीची वेळ जवळ आल्यावर.

आता वाट पाहू. आटपाडीला रेल्वे नाही. आपण एस.टी.ने पुणे-मुंबई गाठतो आणि तेथून गोरखपूरची गाडी धरतो. मुंबईहून निघणारी कुशीनगर एक्सप्रेस पुष्कळांच्या परिचयाची आहे. सतराशे किलोमीटरच्या आसपासचा हा प्रवास दीड दिवस तरी खातो. गोरखपूरहून सुमारे शंभर किलोमीटरवर सोनौली ही सीमा. पलीकडे चार-पाच किलोमीटरवर भैरहवा आणि तेथून वीस-बावीस किलोमीटरवर लुंबिनी. म्हणजे लुंबिनी ते गोरखपूर सव्वाशे किलोमीटर धरा. आटपाडीहून विट्यावरून सांगलीला जाण्यापेक्षा थोडे जास्त. कागदावर हे साडेतीन-चार तासांचे काम दिसते. घोळ तेथेच आहे. या सव्वाशे किलोमीटरांत दोन देश, दोन वाहने, दोन घड्याळे, एक पायी चालण्याचा टप्पा आणि कागद तपासणारी माणसे येतात. यातले एकही आपल्या हातात नसते.

दोन वर्षांमागे जानेवारीत आटपाडी परिसरातील अठराजण निघालो होतो. सात बाया, चार मुले, बाकी पुरुष. सर्वांत वडील एक आजी, वय सत्तरीच्या पुढे. ज्या गृहस्थांकडे यात्रेची आखणी होती त्यांनी कागदावर सुबक टाचण दिले होते. दुपारी बाराला लुंबिनी सोडणे, पाचला गोरखपूर, संध्याकाळची गाडी. मधे काही घडेल याला त्या कागदावर जागाच नव्हती.

त्या दिवशी तराईत धुके होते. अकरा वाजेपर्यंत समोरचे झाड दिसेना. आम्हाला नेणारी वाहने धुक्यातून येता येता दीड वाजला. सीमेजवळ मालट्रकांची रांग लागलेली. चालकाने बऱ्याच अलीकडे उतरवले आणि म्हणाला, पुढे चालत जा. डोक्यावर बोचकी, काखेत मूल, आजींच्या एका हाताला सून आणि दुसऱ्या हाताला नात, अशी आमची वरात कमानीखालून भारतात आली. तपासणीच्या ठिकाणी एका तरुणाला ओळखपत्र विचारले. त्याच्याजवळ फक्त आधारकार्ड होते. जाताना कोणी हटकले नव्हते, येताना हटकले. बोलाचाली, विनवण्या यांत वीस मिनिटे गेली.

इकडच्या बाजूला ठरलेल्या जीपगाड्या आल्याच नव्हत्या. दुसऱ्या चालकांनी आमची घाई तोंडावरून ओळखली आणि दुप्पट भाडे सांगितले. घासाघीस करायला वेळ कोठे होता? आम्ही दुप्पट कबूल केले आणि दोन जीपगाड्यांत बसलो. तिकिटे, पैसे आणि यादी पहिल्या जीपमध्ये गेली. आजी, त्यांची सून, आठ वर्षांची नात आणि मार्केट यार्डात हमाली करणारे एक बांधव दुसऱ्या जीपमध्ये.

येथे माताभगिनींनी नीट लक्ष द्यावे. आमच्या बायांनी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. वाटेत लघवीला थांबवायला सांगावे लागेल, गाडी चुकली तर आपल्यावर येईल, या धाकाने त्या घोटभर पाण्यालाही नको म्हणत होत्या. आणि स्वतः प्यायल्या नाहीत म्हणून लेकरांना पाजायचेही राहिले. फरेंद्याच्या पुढे आजींना मळमळू लागले. दुसरी जीप थांबली, पहिली पुढे गेली.

गोरखपूरचा फलाट ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो. तो १,३६६ मीटर लांब आहे. २०१३ साली तो जगातला सर्वांत लांब फलाट म्हणून नोंदला गेला. मार्च २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या हुबळीचा १,५०७ मीटरचा फलाट झाला, तेव्हा त्याचा पहिला नंबर गेला. अशा फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला धडधाकट माणसालाही पंधरा-वीस मिनिटे लागतात. पहिल्या जीपमधले आम्ही धावत डबा गाठला. दुसऱ्या जीपमधले त्यांच्या पायांनी येत होते. त्यातले धावू शकणारे मिळेल त्या डब्यात चढले. चौघे राहिले. आजी, सून, नात आणि त्यांना सोडून न आलेले ते हमाल बांधव.

गाडी हलली. कोणी ओरडले, साखळी ओढा! एका जाणत्या माणसाने त्याचा हात धरला. पुरेशा कारणाविना साखळी ओढणे हा रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. आणि गाडीला उशीर झाला हे कारण तेथे चालत नाही. आम्ही डब्यात, चौघे फलाटावर. त्यांची तिकिटे आमच्या पिशवीत, त्यांच्या खिशात सगळे मिळून सहाशे रुपये.

त्या चौघांचे पुढे काय झाले? हमाल बांधवाने आटपाडीला घरी फोन केला. घरच्यांनी विट्याला एका ओळखीच्याला विचारले. वाचकांना ठाऊकच आहे की, खानापूर-आटपाडीकडची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफपेठांत पसरली आहेत. विट्याहून गोरखपूरच्या एका गलाईवाल्याचा नंबर मिळाला. तासाभरात तो माणूस स्थानकावर हजर झाला. त्याने विचारले, “पाव्हणं, गाव कुठलं?” हे म्हणाले, “आटपाडी.” “मग आमच्या शेजारचंच की. चला, आजी, घरी चला.” दोन रात्री त्याने चौघांना घरी ठेवले, जेवू घातले, तत्काळमध्ये तिकिटे काढून दिली. आटपाडीला पोचल्यावर त्याचे पैसे आधी फेडले गेले. पण हमाल बांधवाचे तीन दिवसांचे काम बुडाले. सून अंगणवाडीत मदतनीस, तिची रजा संपून गेली आणि तिला बोलणी खावी लागली.

आजी मात्र गाडीबद्दल काही बोलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “गाडी गेली त्याचं काय न्हाय. पोरीला सकाळधरनं कुणी पानी पाजलं न्हाय, त्याचं वाईट वाटतंय.”

हे ऐकल्यावर आम्हाला मसूरचे स्टेशन आठवल्याशिवाय राहिले नाही. आपल्या सातारा जिल्ह्यातले, कराड तालुक्यातले मसूर. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लेखनात आपल्या बालपणीचा प्रवास सांगितला आहे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली ते पुस्तिका म्हणून छापले. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला नोकरीला होते. साताऱ्याहून घरातील मुले एकटीच रेल्वेने त्यांच्याकडे निघाली. येतो म्हणून आधी पत्र धाडले होते. मसूरला उतरल्यावर पाहतात तो न्यायला कोणी नाही. पत्र पोचले होते, पण नोकराने ते वडिलांना दिलेच नव्हते. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली, मुले महार आहेत असे कळताच त्यांचा चेहरा बदलला. कोणी गाडीवान बसवून घेईना. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकावी आणि आपण पायी चालावे या अटीवर. वाटेत जेवण सोबत होते, पण प्यायला पाणी मिळाले नाही. रात्र टोलनाक्यावर काढावी लागली.

त्या मुलांच्या आणि आमच्या हालांची बरोबरी आम्ही करीत नाही. तेथे जात आडवी आली होती आणि जातीवर उपाय म्हणून मधे एक रात्र राखून भागत नाही. आमच्यापुढे आडवी आली ती वाईट आखणी, आणि तिच्यावर उपाय आहे. पण दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी दिसते. प्रवासात माणूस उघडा पडतो तो चालत्या गाडीत नव्हे, एक वाहन सोडून दुसरे धरायच्या जागी. तेथे न्यायला कोणी नसले, निरोप पोचला नसला, हातात वेळ नसला, की भाडे दुप्पट होते आणि लेकरे तहानलेली राहतात. म्हणून सारी तयारी त्या जागेसाठी करावी.

सर्वांत मोठा उपाय सांगतो. सीमा ओलांडण्याचा दिवस आणि गाडीचा दिवस एक ठेवू नये. मधे एक रात्र पाहिजेच. कोणी म्हणेल, अठरा माणसांच्या मुक्कामाचा खर्च वाढेल. त्याचीही तोड आहे. कुशीनगर गोरखपूरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि ते आपल्याच देशात आहे. पुष्कळ मंडळी कुशीनगर आधी उरकतात आणि लुंबिनी शेवटी ठेवतात. हा क्रम उलटा करावा. लुंबिनी आधी पाहावी, त्याच दिवशी सीमा ओलांडून कुशीनगरला मुक्कामाला जावे, दुसऱ्या दिवशी महापरिनिर्वाण स्थळ पाहून गोरखपूरला यावे. एकही दिवस वाढत नाही. जन्मस्थळ आधी आणि महापरिनिर्वाण स्थळ नंतर, असा क्रमही सरळ लागतो. सीमेवर चार तास गेले तरी झोप फार तर उशिरा लागेल, गाडी जाणार नाही.

दुसरे घड्याळाचे. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असते. तेथला चालक दोन वाजता येतो म्हणाला, तर आपल्या घड्याळात तेव्हा पावणेदोन झालेले असतात. गटातल्या एकाने नेपाळी वेळ पाहावी, एकाने भारतीय. वाहन तिकडच्या वेळेने ठरवावे, गाडी इकडच्या वेळेने मोजावी. मोबाईलवर विसंबू नये, सीमेजवळ तो कधी इकडची वेळ दाखवतो, कधी तिकडची.

तिसरे कागदांचे. पंधरा ते पासष्ट वयाच्या माणसाने पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र, मूळ प्रत, जवळ बाळगावे. आधारकार्ड पंधराच्या आतील मुलांना आणि पासष्टच्या पुढील वृद्धांना चालते, असे केंद्र सरकारने २०१९ साली स्पष्ट केले. बाकीच्यांनी त्यावर भरवसा ठेवू नये. शंभराच्या नोटा जास्त न्याव्यात. त्याहून मोठ्या भारतीय नोटांवर नेपाळने २०१८ साली बंदी घातली होती आणि पुढे तो नियम बदलत राहिला, पण शंभराच्या नोटेबद्दल वाद होत नाही. आपल्या शंभर रुपयांचे नेपाळी एकशेसाठ होतात, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. तेवढा हिशेब मुलांनाही शिकवून ठेवावा.

चौथे तिकिटांचे. रेल्वे एका अर्जावर सहाच माणसांचे तिकीट देते. याचा फायदा घ्यावा. जी सहा माणसे एका तिकिटावर, तीच एका जीपमध्ये, आणि त्या तिकिटाची छापील प्रत त्यांच्यातल्याच एकाच्या खिशात. म्हणजे मागे राहिलेला माणूस तिकिटाविना राहणार नाही. सगळी तिकिटे एका मोबाईलमध्ये ठेवणे फार धोक्याचे. आपले सीमकार्ड रोमिंगची सोय केल्याशिवाय नेपाळात चालत नाही. प्रत्येकाच्या खिशात, मुलांच्याही, एका कागदावर तीन फोन नंबर आणि थोडे पैसे असावेत.

पाचवे, धुक्याचे दिवस टाळावेत. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडे रस्ते आणि रेल्वे दोन्ही धुक्याने मंदावतात. दिवाळीच्या आसपास किंवा फेब्रुवारीत जावे. शिवाय, गाडीही उशिराच सुटेल, असे धरून चालू नये. गोरखपूरहून निघणारी गाडी तेथूनच सुटते. ती वाटेत अडकलेली नसते, म्हणून वेळेवर सुटण्याचा संभव अधिक.

सहावे, बायांचे आणि वृद्धांचे. वाहन ठरवतानाच चालकाला सांगावे की दोन ठिकाणी थांबायचे आहे, आणि ते थांबणे वेळेत धरावे. कोणत्याही बाईने तोंड उघडून थांबा म्हणायची पाळी येऊ नये. पाण्याची बाटली प्रत्येक मुलाच्या हातात द्यावी. मोठ्या स्थानकांवर वृद्धांसाठी चाकांची खुर्ची मिळते, ती मागायला लाजू नये. फलाटावर आधी वृद्ध, मग मुले, शेवटी सामान.

सातवे, आणि हे आटपाडीकरांना सर्वांत सोपे. निघण्यापूर्वी आपल्या आळीत, बाजारात, विट्यात विचारून ठेवावे, गोरखपूरला, वाराणसीला, गयेला आपल्याकडचा कोण आहे? गलाईवाला असो, रेल्वेतला असो, फौजेतला असो. त्याचा नंबर घ्यावा आणि आपण अमुक दिवशी येतो असे त्याला आधी सांगावे. निरोप पोचला की नाही हे परत एकदा विचारावे. मसूरला निरोप पोचूनही पोचला नव्हता, हे विसरू नये.

इतके करूनही गाडी गेलीच तर? धावत्या गाडीत चढू नये. गाडीत बसलेल्यांनी उडी मारू नये. राहिलेल्यांनी एका जागी, स्त्रियांच्या प्रतीक्षालयापाशी थांबावे, १३९ वर फोन करावा, चौकशीच्या खिडकीवर पुढच्या गाडीची माहिती घ्यावी. तिकिटाच्या पैशांचे म्हणाल, तर पक्के तिकीट असून गाडी आपल्या उशिरामुळे चुकली तर पैसे बुडाले असेच समजावे. पहिल्या गाडीला उशीर होऊन दुसरी गाडी चुकली आणि दोन्ही तिकिटे आधीच जोडून घेतलेली असली, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे परत मिळण्याची सोय रेल्वेने १ एप्रिल २०१९ पासून केली आहे. पण जीपला उशीर झाला, सीमेवर रांग होती, चालक आला नाही, यांची भरपाई कोणी देत नाही. ती आपल्या रोजगारातून जाते.

नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. म्हणजे यंदा निघायचे असेल तर क्रम आताच ठरवायला हवा. येत्या रविवारी विहारात बैठक बसवाल तेव्हा खर्चाच्या हिशेबाआधी एक कागद घ्यावा. त्यावर लुंबिनी, सोनौली, कुशीनगर, गोरखपूर अशी नावे लिहावीत आणि प्रत्येकासमोर तीन गोष्टी भराव्यात. कोणते वाहन, कोण भेटणार, किती वेळ हाताशी. ज्या नावासमोर जागा रिकामी राहील तेथे पुन्हा विचार करावा. आणि यात्रा ठरवून देणाऱ्याने बारा वाजता निघून पाचला पोचण्याचा कागद पुढे केला, तर त्याला आजींसमोर बसवून विचारावे, बाबा, यात पाणी प्यायला कुठे थांबायचे?

जयभीम.